इंग्रजीतील पदबंध आणि आपली विभक्ती



ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत इंग्रजी भाषा दोन निरनिराळ्या वाटांनी आलेली आहे. आई-वडिलांकडे ती पुस्तकातून आली. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापर्यंत इंग्रजीचा आरंभ पाचवीच्या वर्गात होत असे. आमच्या पिढीने आधी शब्दार्थ पाठ केले, मग काळांचे तक्ते घोटले आणि पुढे तर्खडकरांच्या भाषांतरमालेतील वाक्ये उलटसुलट करून पाहिली. मुलांकडे मात्र हीच भाषा कानातून आली. शाळेचे अंगण, मित्रमैत्रिणी, दूरचित्रवाणी यांनी ती त्यांना न शिकवताच दिली. याचा परिणाम घरात एखादे कार्यालयीन पत्र येते तेव्हा दिसतो. मोठी माणसे प्रत्येक शब्दाचा अर्थ जाणतात, पण वाक्याचा अर्थ ठामपणे सांगताना अडखळतात. मुले अर्थ चटकन सांगतात, पण तो तसाच का, हे त्यांना सांगता येत नाही. मग वडीलधारे माणूस गप्प बसते आणि पत्र मुलाच्या हाती जाते. घराचे भाडे, व्हिसाची अट, नोकरीचा करार यांसारख्या बाबी दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या समजुतीवर सोपवाव्या लागणे हे कोणत्याही कुटुंबाला हितावह नाही.

आमच्या मते या अडचणीचे मूळ शब्दसंग्रहात नाही. इंग्रजी वाक्याचा अर्थ सुट्या शब्दांत नसून शब्दांच्या लहान लहान जुळण्यांत असतो, आणि त्या जुळण्या कशा ओळखाव्यात हे आपल्याला फारसे कोणी शिकवलेले नाही. या जुळणीला इंग्रजीत 'फ्रेज' म्हणतात. मराठी कोशांत या शब्दापुढे बहुधा 'वाक्प्रचार' असा अर्थ दिलेला असतो आणि तेथेच घोटाळा होतो. 'डोळ्यांत धूळ फेकणे' हा वाक्प्रचार आहे, कारण त्याचा अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थाहून वेगळा आहे. व्याकरणातील 'फ्रेज' ही त्याहून साधी आणि व्यापक गोष्ट आहे. 'माझ्या घरासमोरचे मोठे झाड' हीसुद्धा 'फ्रेज'च होय. तिच्यासाठी 'पदबंध' हा शब्द अधिक योग्य आहे आणि या लेखात आम्ही तोच वापरणार आहोत.

पदबंध आणि उपवाक्य

जो शब्दसमूह वाक्यात एक काम मिळून करतो, पण ज्यात उद्देश्य आणि त्याच्याशी जुळणारे पूर्ण क्रियापद ही जोडी नसते, तो पदबंध. ती जोडी असली की त्या समूहाला उपवाक्य म्हणतात. 'ऑन अरायव्हल' हा पदबंध आहे, 'व्हेन यू अराइव्ह' हे उपवाक्य आहे. अर्थ जवळजवळ एकच आहे, पण दुसऱ्यात कोण येणार हे सांगितले आहे.

हा भेद स्पष्ट करण्यास बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या नावांइतकी परिचित उदाहरणे आपल्याला दुसरी मिळणार नाहीत. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) हे नाव म्हणजे एक नामपदबंध आहे. 'अ‍ॅनिहिलेशन' हे त्यातील मुख्य पद आणि 'ऑफ कास्ट' हे त्याला जोडलेले उपपद. यात कर्ता नाही आणि काळही नाही. हे निर्मूलन कोणी करायचे, केव्हा करायचे, हे नाव सांगत नाही. ते फक्त कार्याला नाव देते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या नावात दोन नामपदबंध 'अँड'ने जोडलेले आहेत आणि दुसऱ्यातील 'हिज' हा शब्द धम्माला बुद्धाशी बांधतो. याउलट 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' (१९४५) हे नाव उपवाक्य आहे. त्यात 'काँग्रेस अँड गांधी' हे उद्देश्य आहे आणि 'हॅव डन' हे त्याचे क्रियापद. कोणी केले, कोणाच्या बाबतीत केले, हे सारे नावातच मांडलेले आहे. जबाबदारी कोणाची हे सांगायचे असते तेव्हा उपवाक्य लागते. नुसत्या पदबंधात कर्ता न सांगताही भागते. म्हणूनच कार्यालयीन पत्रांत पदबंधांची गर्दी असते, आणि असे पत्र वाचताना 'हे करणार कोण?' असा प्रश्न आपण स्वतःहून विचारला पाहिजे.

नित्याच्या लेखनातही हा भेद उपयोगी पडतो. 'बिकॉज'नंतर उपवाक्य येते, तर 'बिकॉज ऑफ'नंतर पदबंध येतो. 'ऑल्दो'नंतर उपवाक्य, 'डिस्पाइट'नंतर पदबंध. 'बिकॉज ऑफ द रेन' हे बरोबर, 'बिकॉज द रेन' हे अपुरे. मराठीत आपण 'पावसामुळे' आणि 'पाऊस पडला म्हणून' असे दोन प्रकार सहज वेगळे ठेवतो. इंग्रजीतील भेद नेमका तोच आहे.

मुख्य पद शोधावे

नामपदबंध कितीही लांब असला तरी त्यात मुख्य पद एकच असते आणि बाकीचे शब्द त्याची सेवा करतात. मराठीत हे मुख्य पद शेवटी येते. 'अनामत रकमेबाबत घरमालकाकडून आलेले पत्र' या रचनेत आपण 'पत्र' या शब्दाची वाट पाहत शेवटपर्यंत जातो. इंग्रजीत 'अ लेटर फ्रॉम द लँडलॉर्ड अबाउट द डिपॉझिट' असे म्हणतात. पत्र आधी, त्याची विशेषणे मागून. मराठी वळणाने वाचणारा मनुष्य शेवटच्या 'डिपॉझिट' या शब्दालाच मुख्य समजू लागतो. म्हणून लांब पदबंध दिसला की पहिल्या 'ऑफ', 'फ्रॉम', 'फॉर', 'अबाउट' यांसारख्या अव्ययाशी थांबावे. मुख्य पद बहुधा त्याच्या लगेच आधी सापडते. तेथून उलट दिशेने वाचत आले की मराठी वाक्य आपोआप तयार होते.

क्रियापदाचे वचनही मुख्य पदच ठरवते. 'द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स इज अटॅच्ड' या वाक्यात कागदपत्रे अनेक असली तरी यादी एक आहे, म्हणून 'इज' येते. 'डॉक्युमेंट्स' हा शब्द क्रियापदाच्या शेजारी बसला आहे एवढ्यावरून 'आर' लिहिणे ही या वाक्यरचनेतील नेहमीची चूक आहे.

ब्रिटनमध्ये तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या बहुतेकांच्या अटींत 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' हे शब्द असतात. हासुद्धा क्रियापद नसलेला नामपदबंध आहे. 'रिकोर्स' हे मुख्य पद. त्याचा अर्थ आधारासाठी धाव घेणे. 'नो' त्याचा निषेध करतो आणि 'टू पब्लिक फंड्स' ही धाव कोठे घ्यावयाची नाही ते सांगतो. आतल्या 'पब्लिक फंड्स' या लहान पदबंधाचे शब्द सुटे केले तर 'सार्वजनिक पैसा' असा अर्थ निघतो, आणि मग सरकारी खर्चाने चालणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला वर्ज्य आहे असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात हे दोन शब्द मिळून एक पारिभाषिक संज्ञा आहे. स्थलांतराच्या नियमांत तिची यादी दिलेली आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट यांसारखी साहाय्ये त्या यादीत येतात. सरकारी शाळेतील शिक्षण आणि राष्ट्रीय आरोग्य सेवेचे उपचार त्या यादीत नाहीत. दोन शब्द एक पदबंध म्हणून वाचले नाहीत, तर मुलाच्या शाळेच्या हक्काविषयीही मनात विनाकारण भीती राहते.

एकच पदबंध, दोन कामे

इंग्रजीत 'इन', 'ऑन', 'फ्रॉम', 'ऑफ' ही अव्यये नामाच्या आधी येतात. मराठीत 'खाली', 'वर', 'साठी', 'पासून' ही शब्दयोगी अव्यये नामाला मागून जोडली जातात. हा फरक आपण शाळेतच शिकलो. त्याहून महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अव्ययाने सुरू होणारा इंग्रजी पदबंध रूप न बदलता दोन कामे करू शकतो. तो नामाचे विशेषण होतो, किंवा क्रियापदाला स्थळ, काळ, रीत यांची जोड देतो.

'रीड द नोटिस ऑन द डोअर' आणि 'पुट द नोटिस ऑन द डोअर' ही दोन वाक्ये पाहावीत. 'ऑन द डोअर' हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. पहिल्याचे मराठी 'दारावरची सूचना वाच', तर दुसऱ्याचे 'सूचना दारावर लाव'. इंग्रजीने लपवलेला भेद मराठीने एका प्रत्ययात उघड केला. 'दारावरची' यातील 'ची' पदबंधाला नामाशी बांधते आणि 'दारावर' हे रूप सरळ क्रियापदाकडे जाते.

यातून मराठी वाचकाला एक कसोटी मिळते. इंग्रजी पदबंध मनात मराठीत आणावा. त्याला 'चा, ची, चे' किंवा 'तील, वरील' असा शेवट लावावा लागला तर तो विशेषणाचे काम करतो. नुसते 'त, वर, हून, ने, साठी' एवढ्याने भागले तर तो बहुधा क्रियाविशेषणाचे काम करतो. दोन्ही प्रकारे अर्थ लागत असेल तर मूळ वाक्यच संदिग्ध आहे असे समजावे. 'ही रोट टू द टेनंट फ्रॉम लंडन' या वाक्याचा अर्थ 'त्याने लंडनच्या भाडेकरूला लिहिले' असा होतो आणि 'त्याने भाडेकरूला लंडनहून लिहिले' असाही होतो. अशा वेळी समोरच्याला लेखी विचारून खुलासा घेण्यात कमीपणा नाही. गोंधळ वाचणाऱ्याच्या इंग्रजीत नसून लिहिणाऱ्याच्या वाक्यात असतो.

ही कसोटी भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाला लावून पाहावी. अस्पृश्यता नष्ट करून तिच्या आचरणास मनाई करणाऱ्या त्या अनुच्छेदात 'इन एनी फॉर्म' असा तीन शब्दांचा पदबंध आहे. तो 'प्रॅक्टिस' या नामाला लागतो. मराठीत 'कोणत्याही स्वरूपातील आचरण' असे म्हणावे लागते, म्हणजे तो विशेषणात्मक आहे. हे तीन शब्द काढले तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण राहील. पण मग 'हे आचरण अस्पृश्यतेचे नव्हेच' असा बचाव करणाऱ्याला वाट मोकळी होईल. रूप बदलून येणाऱ्या अस्पृश्यतेलाही मनाईच्या कक्षेत आणण्याचे काम या तीन शब्दांकडे आहे.

आता घरभाड्याकडे वळू. इंग्लंडमध्ये भाडेकरूची अनामत किती परत द्यायची यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले की त्यानंतर १० दिवसांत ती परत मिळावयास हवी. हा नियम इंग्रजीत 'द डिपॉझिट मस्ट बी रिटर्न्ड विदिन टेन डेज ऑफ अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट ऑन द अमाउंट' अशा स्वरूपात मांडता येईल. यात एका पदबंधाच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरा आहे. 'विदिन टेन डेज' क्रियापदाला मुदत देतो. ती मुदत कोठून मोजायची हे 'ऑफ अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट' सांगतो. एकमत कशाबाबत, हे 'ऑन द अमाउंट' सांगतो. घाईने वाचणारा 'टेन डेज' येथेच थांबतो आणि घर सोडल्या दिवसापासून दिवस मोजू लागतो. वास्तविक मोजणी रकमेबाबत एकमत झाल्यापासून सुरू होते, म्हणून घर सोडताच रकमेची बोलणी लेखी सुरू करणे हिताचे.

क्रियापदापासून झालेले पदबंध

धातूपासून तयार होणारे इंग्रजी पदबंध आपल्याला कठीण वाटतात, पण मराठीत त्यांचे भाऊबंद हजर आहेत. 'लर्निंग अ लँग्वेज टेक्स टाइम' यातील पहिला पदबंध म्हणजे आपले 'भाषा शिकणे'. 'टू लर्न अ लँग्वेज' याला वाक्यातील कामाप्रमाणे 'शिकणे', 'शिकण्यास' किंवा 'शिकण्यासाठी' म्हणावे. 'द वुमन वेटिंग आउटसाइड' म्हणजे 'बाहेर थांबलेली स्त्री', 'द फॉर्म साइन्ड बाय द पेरेंट' म्हणजे 'पालकाने सही केलेला अर्ज', 'हॅविंग साइन्ड द फॉर्म' म्हणजे 'अर्जावर सही करून'. णे, ण्यासाठी, णारा, लेला, ऊन हे पाच शेवट हाताशी असले की यातील बहुतेक पदबंधांचा उलगडा होतो.

एका ठिकाणी मात्र मराठीची सवय आडवी येते. 'स्टेशनकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. 'जाताना' या रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा अशी मराठीची सक्ती नाही. त्याचेच शब्दशः इंग्रजी 'वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड' असे होते. इंग्रजी वाचक वाक्याच्या आरंभीच्या अशा पदबंधाचा कर्ता पुढील उद्देश्यातच शोधतो, म्हणून स्टेशनकडे पाऊसच चालत निघाला असा अर्थ त्याला दिसतो. येथे 'व्हाइल आय वॉज वॉकिंग टू द स्टेशन' असे कर्त्यासह उपवाक्य करावे. नोकरीच्या अर्जात 'वर्किंग अ‍ॅज अ नर्स...' असा आरंभ केला तर पुढे 'आय' हेच उद्देश्य आले पाहिजे, हे लक्षात ठेवावे.

कायद्यातील दोन पदबंध

पदबंधाचा अर्थ किती दूरवर पोहोचतो याचे जवळचे उदाहरण ब्रिटनच्या २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टमध्ये आहे. त्या कायद्याने जातीला वंशाचे एक अंग मानण्याची तरतूद मंत्र्यांच्या आदेशावर सोपवली. त्या वाक्यातील क्रियापदबंधाच्या आरंभी 'मे' होते, म्हणजे मंत्री तसा आदेश काढू शकतील. २०१३ साली संसदेने तेथे 'मस्ट' घातले, म्हणजे काढलाच पाहिजे. क्रियापदबंधातील हे पहिले साहाय्यक पद मुभा आणि कर्तव्य यांतला फरक ठरवते, आणि मराठीत तो फरक वाक्याच्या शेवटी 'शकतील' आणि 'पाहिजे' असा येतो. पण आदेश केव्हापर्यंत काढावा हे सांगणारा मुदतीचा पदबंध त्या तरतुदीत नव्हता. जुलै २०१८ मध्ये सरकारने असा आदेश न काढता न्यायालयीन निर्णयांवरच विसंबून राहण्याचे जाहीर केले.

तो न्यायालयीन आधार दुसऱ्या एका पदबंधावर उभा आहे. त्याच कायद्यात वंशाच्या व्याख्येत 'एथनिक ऑर नॅशनल ओरिजिन्स' असे शब्द आहेत. 'ओरिजिन्स' हे मुख्य पद आणि 'एथनिक' व 'नॅशनल' ही दोन्ही विशेषणे त्याच एका नामाची. 'एथनिक' हा शब्द सुटा घेतला तर जात त्यात बसते की नाही हा वाद राहतो. 'ओरिजिन्स'शी जोडून वाचला की कूळ आणि जन्मपरंपरा यांचा विचार आत येतो. डिसेंबर २०१४ मध्ये एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्युनलने एका भारतीय घरकामगार स्त्रीच्या प्रकरणात 'एथनिक ओरिजिन्स' हा पदबंध व्यापक असल्याचे आणि जन्मपरंपरेने ठरणारी जातीची ओळख त्यात येऊ शकत असल्याचे मानले. प्रत्येक प्रकरण त्याच्या पुराव्यावर ठरेल हे खरे, पण जातीचा शब्द स्पष्टपणे लागू झालेला नसतानाही दाद मागण्याची वाट या दोन शब्दांनी ठेवली आहे. नोकरीच्या ठिकाणी जातीवरून अपमान सोसणाऱ्या आपल्या बांधवाने तक्रार लिहिताना हा पदबंध जसाच्या तसा वापरावा, आणि कायदेशीर सल्लाही घ्यावा.

घरातील वाचन

आमची सूचना साधी आहे. आठवड्यातून एकदा घरात आलेले एखादे पत्र, शाळेची सूचना किंवा कराराचे पान घेऊन सर्वांनी एकत्र बसावे. मुलाने वाक्य मोठ्याने वाचावे. तो सहजपणे जेथे क्षणभर थांबतो तेथे बहुधा एक पदबंध संपतो. तेथे पेन्सिलीने तिरपी रेघ ओढावी. नंतर आईने, वडिलांनी किंवा आजीने प्रत्येक तुकडा मराठीत सांगावा आणि त्याच्या शेवटी कोणता प्रत्यय आला ते पाहावे. 'चा' आला तर बाण नामाकडे काढावा, 'त' किंवा 'हून' आला तर क्रियापदाकडे. शेवटी दोन प्रश्न विचारावेत : हे करणार कोण, आणि केव्हापर्यंत?

या बैठकीत मुलाचा कान आणि मोठ्यांची विभक्ती या दोहोंची गरज पडते. मुलाला पदबंधाचे काम कळते आणि 'दारावर' व 'दारावरची' यांतील फरक कळून त्याची मराठीही पक्की होते. मोठ्या माणसाला पत्राचा अर्थ स्वतः ठरवता येतो, आणि सही करण्यापूर्वी 'हा पदबंध कशाला लागतो?' असा प्रश्न समोरच्या अधिकाऱ्याला विचारता येतो. पुढील रविवारी एका पत्रापासून आरंभ करावा आणि अडलेली वाक्ये आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात घेऊन यावीत. ती आपण सर्व मिळून सोडवू.

जयभीम. नमो बुद्धाय.